खुर्ची कोणाची? फुटबॉलचे सीझन तिकीट आणि हजेरीची अट

१४ एप्रिल २०२२, गुरुवार. ईस्टरच्या सुट्ट्या लागल्या होत्या. त्या रात्री बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना होता आणि समोर होता जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रँकफर्ट. पाहुण्यांच्या वाट्याला सुमारे ५ हजार तिकिटे आली होती. प्रत्यक्षात आत आले सुमारे ३० हजार जर्मन चाहते, पांढरे शर्ट घालून, घसा फोडून ओरडत. बार्सिलोनाचे खेळाडू स्वतःच्या मैदानावर उतरले ते शिट्ट्यांच्या गजरात. सामना फ्रँकफर्टने ३-२ असा जिंकला आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. क्लबचे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांना या प्रकाराची लाज वाटल्याचे जाहीरपणे सांगावे लागले आणि यापुढे अशा सामन्यांची तिकिटे नावानिशी देण्याची घोषणा करावी लागली.

हे ३० हजार लोक भिंती चढून आले नव्हते. त्यांच्या हातात तिकिटे होती. काही तिकिटे खुल्या विक्रीतून आली होती, तर बरीचशी बार्सिलोनाच्याच सभासदांकडून, ज्यांच्याकडे वर्षभराची खुर्ची होती पण त्या रात्री तिथे बसायची इच्छा नव्हती. बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब. म्हणजे घरच्या मालकानेच किल्ली परक्याच्या हाती दिली आणि मग घरात गर्दी झाली म्हणून कपाळाला हात लावला. युरोपातल्या क्लबांना जो प्रश्न कित्येक वर्षे सतावत होता, तो त्या रात्री सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला: वर्षभराची खुर्ची विकत घेणाऱ्याने त्या खुर्चीत बसायला हवे का? आणि नाही बसला, तर ती काढून घेण्याचा हक्क क्लबला आहे का?

सीझन तिकीट म्हणजे एका हंगामातल्या घरच्या सगळ्या लीग सामन्यांसाठी एक ठरलेली जागा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, म्हणून घरचे १९ सामने. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ संघ, म्हणून १७. पैसे हंगामाच्या आधी भरायचे आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा पहिला हक्क तुमचा. सगळी मेख या हक्कात आहे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे सीझन तिकीट काढणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने तिकीट काढावे लागते. फुटबॉलमध्ये मात्र एकदा मिळालेली खुर्ची माणूस सोडत नाही. ती तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे एकाच्या नावावर राहते, शेजारच्या खुर्च्यांवरची माणसेही तीच राहतात आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला आपला नंबर कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर विस्तारानंतर सुमारे ६१ हजार जागा आहेत, तरी सीझन तिकिटाची रांग इतकी लांब झाली की क्लबने नवी नावे घेणेच थांबवले.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण खुर्च्याच नव्हत्या. सीझन तिकिटे एकोणिसाव्या शतकापासून विकली जात आहेत. पण इंग्लंडमधला कामगार चाहता शनिवारी दुपारी कारखान्यातून सुटला की थेट मैदानाकडे जायचा, फिरत्या दारापाशी नाणी मोजून द्यायचा आणि उतरत्या पायऱ्यांच्या उघड्या स्टँडमध्ये उभा राहायचा. दहा माणसे जास्त आली तर सगळे थोडे सरकून घेत. एखादा आला नाही तर कोणाला कळतही नसे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने हे जग संपवले. त्या दुर्घटनेत ९७ माणसे गेली. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांना १९९४ पर्यंत मैदाने पूर्णपणे खुर्च्यांची करावी लागली. त्याच काळात, १९९२ मध्ये, प्रीमियर लीग सुरू झाली आणि उपग्रह वाहिन्यांचा पैसा आला. जागा कमी झाल्या, मोजलेल्या झाल्या, क्रमांकाच्या झाल्या आणि महाग झाल्या. रिकामी खुर्ची डोळ्यांत खुपू लागली ती तेव्हापासून.

खुपते ती मुख्यतः तिघांना. पहिला रांगेतला चाहता. त्याला तिकीट ‘संपले’ असे सांगितले जाते आणि टीव्हीवर त्याला मोकळ्या खुर्च्यांच्या ओळी दिसतात. इंग्लंडमध्ये क्लब जो प्रेक्षकांचा आकडा जाहीर करतात तो बहुधा विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नसतो. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्या शेवटच्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, आर्सेनलच्या मैदानावर हे फार ठळकपणे दिसले. ध्वनिक्षेपकावरून साठ हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जाई आणि समोर लाल खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे उघडे पडलेले असत. दुसरा, शेजारी बसणारा. गाणी म्हणणाऱ्या, घोषणा देणाऱ्या स्टँडमध्ये मध्येच चार जागा मोकळ्या पडल्या की आवाजाची साखळी तुटते, आणि घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो बराचसा याच आवाजाचा असतो. तिसरा क्लब. त्याचे तिकिटाचे पैसे आधीच आलेले असतात, पण आत न आलेला माणूस खात नाही, पीत नाही, शर्ट विकत घेत नाही. शिवाय तीच खुर्ची एकेका सामन्यासाठी विकली असती तर जास्त पैसे आले असते, हा हिशेब क्लबला पाठ असतो. तिसऱ्याच्या या हिशेबावर लक्ष ठेवले पाहिजे, कारण नियम लिहिण्याची लेखणी त्याच्याच हातात असते.

नियम तरी कसले? क्लबागणिक ते वेगळे आहेत. बायर्न म्युनिकने वार्षिक तिकीटधारकांना १७ पैकी किमान ८ सामन्यांची अट घातली. त्याहून कमी वेळा तिकीट वापरले गेले तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्याला. ही अट समजून घ्यायची तर तिथल्या दराकडे पाहायला हवे. बायर्नच्या उभ्या स्टँडचे वर्षाचे तिकीट कित्येक वर्षे १४० ते १५० युरोच्या आसपास होते, तर आर्सेनलचे सर्वांत स्वस्त सीझन तिकीटही हजार पौंडांच्या आसपास. चाहता म्हणजे पिळून काढायची दुभती गाय नव्हे, अशी भूमिका बायर्नचे अध्यक्ष राहिलेले उली होनेस यांनी जाहीरपणे मांडली होती. तिकीट इतके स्वस्त ठेवले की ते नुसते हाताशी असावे म्हणून घेऊन ठेवणारेही वाढतात. सामन्याला आठ युरो पडत असतील तर बायर्न-डॉर्टमुंड हा एकच सामना बघण्यासाठी वर्षाचे तिकीट घेऊन ठेवणे परवडते. म्हणून तिथे हजेरीची अट म्हणजे स्वस्ताईची दुसरी बाजू आहे. क्लब म्हणतो, आम्ही दर पाडून ठेवला, तुम्ही या. हा व्यवहार मला प्रामाणिक वाटतो.

इंग्लंडमध्ये व्यवहार इतका सरळ नाही. मँचेस्टर युनायटेडने तिकिटाचा ‘वापर’ मोजायला सुरुवात केली. तुम्ही स्वतः गेलात, मित्राच्या फोनवर तिकीट पाठवले किंवा क्लबच्या अधिकृत व्यवस्थेतून परत विकले, तिन्ही गोष्टी वापरातच धरल्या जातात. फक्त खुर्ची मोकळी ठेवली तर ती नोंद तुमच्या विरुद्ध जाते. शहराच्या दुसऱ्या टोकाला मँचेस्टर सिटीने पुढचे पाऊल टाकले. २०२५-२६ च्या हंगामापासून १९ पैकी किमान १० सामन्यांना तिकीटधारकाने स्वतः हजर राहावे, अशी अट त्यांनी आणली. तिच्यावरून सिटीच्या जुन्या चाहत्यांमध्ये बरीच नाराजी उसळली.

‘वापर’ आणि ‘स्वतःची हजेरी’ या दोन मोजमापांत किती अंतर आहे, ते एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. तरुणपणापासून त्यांची एकच जागा. ऑगस्ट, सप्टेंबर, एप्रिल, मे या महिन्यांत हवा बरी असते तेव्हा ते स्वतः जातात. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत, रात्री आठच्या सामन्याला, बोचऱ्या पावसात, पायऱ्या चढून जाणे त्यांना झेपत नाही, म्हणून त्या सामन्यांना नात जाते. खुर्ची एकदाही रिकामी नसते. घरात दुसरी पिढी फुटबॉलला लागते. ‘वापर’ मोजला तर हे गृहस्थ १९ पैकी १९ मिळवतात. ‘स्वतःची हजेरी’ मोजली तर ८ वर अडकतात आणि त्यांना क्लबकडून पत्र येते. आता दुसरा मनुष्य घ्या. त्याच्याकडे चार-पाच नावांवर तितकी सीझन तिकिटे आहेत, ती तो सामन्यागणिक परदेशी पर्यटकांना दामदुप्पट दराने देतो. ‘वापर’ मोजला तर हाही १९ पैकी १९. म्हणजे पहिले मोजमाप दलालाला पकडत नाही आणि दुसरे म्हाताऱ्याला सोडत नाही. सिटीच्या नियमामागे दलालांना आळा घालण्याचे कारण असेल, तर ते कारण खरे आहे. पण नियम जसा लिहिला जातो त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी होण्याचा धोका उघड दिसतो.

हजेरी मोजली जाते ती दारावर. चाहता फोन यंत्रासमोर धरतो, हिरवा दिवा लागतो, दांडा फिरतो आणि त्या खुर्चीपुढे वेळ उमटते. मग तो पाचव्या मिनिटाला आला की सत्तराव्या, शेवटपर्यंत थांबला की गाडी गाठायला लवकर निघाला, याची नोंद नाही. कागदी तिकीट आणि प्लॅस्टिकचे कार्ड होते तोवर कोण आले हे क्लबला ओळखता येत नव्हते. कार्ड भावाला दिले, शेजाऱ्याला दिले, पबमध्ये ओळखीच्याला दिले, कोणी विचारत नसे. कोरोनानंतर तिकिटे फोनवर गेली आणि अशा हातउसन्या व्यवहाराला नोंदीचे रूप आले. आता तिकीट ‘पाठवावे’ लागते, ज्याला पाठवायचे त्याचे क्लबच्या यादीत नाव लागते, कधी त्यासाठी सभासद शुल्क भरावे लागते. मुलाच्या सवलतीच्या तिकिटावर मोठा माणूस जाणार असेल तर वरचा फरक भरावा लागतो. हे नियम एकेकटे पाहिले तर वाजवी वाटतात. एकत्र केले की साधी गोष्ट किचकट होते, आणि ती किचकट झाली की खुर्च्या जास्त रिकाम्या राहतात. शेवटच्या क्षणी ताप आलेल्या माणसाला तासाभरात पर्याय शोधता आला नाही, तर तो ‘गैरहजर’ ठरतो. स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धांची तर वेगळीच परवड.

परत करण्याची सोय असेल तरच हजेरीची सक्ती न्याय्य ठरते, हे बार्सिलोनाने फार आधी ओळखले होते. तिथे ‘मोकळी जागा’ नावाची व्यवस्था कित्येक वर्षे चालू आहे. तिकीटधारकाने आपण येणार नाही असे कळवून जागा क्लबकडे सोपवायची. क्लब ती विकतो आणि विक्रीतला काही वाटा तिकीटधारकाला पुढच्या वर्षीच्या दरात वळता करून देतो. कल्पना उत्तम होती. पण याच वाटेने आलेल्या आणि हातोहात फिरलेल्या तिकिटांनी फ्रँकफर्टची ती रात्र घडवली, हेही खरे. शहर पर्यटकांचे, मैदान जगप्रसिद्ध, आणि जागा सोडली की पैसे परत. तेव्हा जागा न सोडण्याचे कारण उरते कुठे? सभासदांची निष्ठा कमी पडली असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते क्लबनेच वर्षानुवर्षे त्यांना शिकवले होते की रिकामी खुर्ची हे उत्पन्न आहे.

बार्सिलोनाकडून घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे आणि तिची चर्चा कमी झाली. मैदानाची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर २०२३ मध्ये संघ मॉन्टजुइकच्या टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळायला गेला. तिथे जाणे गैरसोयीचे. क्लबने वार्षिक तिकीटधारकांना चक्क रजा घेण्याची मुभा दिली: या काळात पैसे भरू नका, येऊ नका, कॅम्प नोऊवरची तुमची जागा तुमचीच राहील. ऐंशी हजारांहून अधिक तिकीटधारकांपैकी मोठ्या बहुसंख्येने रजा घेतली. बाळंतपण, आजारपण, परदेशी बदली, आईवडिलांची शुश्रूषा अशा कारणांसाठी अशीच रजा सगळ्या क्लबांनी कायमची का देऊ नये? एका हंगामासाठी ती खुर्ची रांगेतल्या तरुणाला द्यावी. त्यालाही चव कळेल, मूळ धारकाचा हक्कही जाणार नाही.

आता सक्तीच्या विरोधातला सर्वांत मोठा मुद्दा, आणि तो क्लब फारसा काढत नाहीत. चाहता तिकीट घेतो तेव्हा सामना कधी होणार हे त्याला ठाऊक नसते. वेळापत्रक जूनमध्ये येते, पण त्यातल्या तारखा तात्पुरत्या. टीव्ही वाहिन्या सामने निवडतात तसे ते शनिवार दुपारवरून शुक्रवार रात्री, रविवार, सोमवार रात्री असे हलतात, तेही काही आठवड्यांच्या मुदतीने. मँचेस्टरच्या रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या एखाद्या नर्सने शनिवारच्या सामन्यांचा अंदाज घेऊन पाळ्या लावून घेतल्या, आणि पाच सामने सोमवारवर गेले, तर तिची गैरहजेरी कोणाच्या खात्यावर मांडायची? करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. सामना हलला तर तो हजेरीच्या हिशेबातून वगळला पाहिजे, इतकी साधी तरतूद. जर्मन चाहत्यांनी या बाबतीत क्लबांना वठणीवर आणले. सोमवारच्या सामन्यांविरुद्ध त्यांनी इतकी निदर्शने केली की २०२१-२२ पासून बुंडेसलिगातले नियमित सोमवारचे सामने बंद झाले. तिथे ५०+१ या नियमाने मतांचे बहुमत सभासदांकडे असते, म्हणून आवाज पोचतो.

इंग्लंडमध्ये आवाज पोचवायला मैदान सोडून जावे लागले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी अ‍ॅनफिल्डवर सुमारे १० हजार चाहते ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले, कारण नव्या स्टँडमधले तिकीट ७७ पौंडांना विकण्याचा बेत होता. काही दिवसांत मालकांनी माघार घेतली. हजेरीच्या चर्चेत हा प्रसंग मोलाचा आहे. गैरहजेरी हे चाहत्याच्या हातातले एकमेव हत्यार असते. वेंगर यांच्या शेवटच्या काळातल्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा अनेकांची नाराजी होती. किमान हजेरीची अट कडक होत गेली तर बहिष्कार टाकणाऱ्यालाच खुर्ची गमवावी लागेल. क्लबांना हे सोयीचे आहे. म्हणूनच चाहत्यांच्या संघटनांनी इथे फार सावध असायला हवे.

सोयीचे आणखी एक गणित आहे. जुना सीझन तिकीटधारक क्लबला कमी पैसे देतो. त्याला प्रतिसामना सवलत असते, वय वाढले की आणखी सवलत. त्याची खुर्ची मोकळी करून ती एकेका सामन्याला, जेवणाखाणासकट, पर्यटकाला विकली तर उत्पन्न कितीतरी वाढते. टॉटनहॅमने मार्च २०२४ मध्ये ज्येष्ठांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आणि नव्या ज्येष्ठांना ती न देण्याचे जाहीर केले, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी ज्येष्ठांना वाचवा म्हणत निदर्शने केली. मँचेस्टर युनायटेडने २०२४ च्या अखेरीस हंगाम चालू असताना उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंडांना केली, मुलांना आणि वृद्धांनाही सवलत नाही. ही पार्श्वभूमी असताना क्लब रिकाम्या खुर्च्यांची काळजी बोलून दाखवतात तेव्हा चाहते त्यांच्या शब्दावर विसंबत नाहीत, आणि यात दोष चाहत्यांचा नाही. अट घालून परत घेतलेली प्रत्येक खुर्ची रांगेतल्या माणसाला सीझन तिकीट म्हणूनच मिळेल, असे जो क्लब लेखी सांगेल त्याच्या हेतूवर विश्वास ठेवावा. नाही सांगत, तर ठेवू नये.

दलालांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो कायद्याचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम १६६ नुसार फुटबॉलचे तिकीट परवानगीशिवाय पुन्हा विकणे हा गुन्हा आहे. नाटक-गाण्याच्या तिकिटांना तो लागू नाही, फुटबॉललाच आहे, कारण दोन्ही संघांचे चाहते वेगळे बसवणे ही तिथे सुरक्षिततेची बाब मानली जाते. जर्मनीत २००८ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हॅम्बुर्गच्या खटल्यात क्लबला आपल्या अटींमधून व्यापारी पुनर्विक्री रोखता येते असे मान्य केले. कायदा आहे, तरी बाजार चालतो, कारण तो आता दाराबाहेरच्या गल्लीत नसून संकेतस्थळांवर आहे, त्यातली कित्येक दुसऱ्या देशांतून चालणारी. लिव्हरपूलने अलीकडच्या वर्षांत बनावट खाती मोठ्या संख्येने बंद केली आणि दलालांवर आजन्म बंदी घातली. हा मार्ग योग्य आहे: एकाच फोनवरून, एकाच बँक कार्डावरून चालणारी डझनभर खाती शोधणे. मेहनतीचे काम आहे, पण सगळ्यांवर सरसकट हजेरी लादण्यापेक्षा नेमके आहे.

नोंद ठेवण्याचा मोह एकदा लागला की तो कुठवर जातो, हे इटली आणि तुर्कस्तानने दाखवले. गृहमंत्री रॉबर्तो मारोनी यांच्या काळात इटलीत २०१० पासून सीझन तिकिटासाठी आणि परगावच्या सामन्यांसाठी चाहता-ओळखपत्र सक्तीचे झाले. दंगेखोरांना आवर घालणे हा हेतू. कडव्या चाहत्यांनी ते नाकारले, सीझन तिकिटे सोडली. पुढे २०१७ मध्ये सरकारला सक्ती सैल करावी लागली. तुर्कस्तानात २०१४ मध्ये पासोलिग हे बँकेशी जोडलेले ओळखपत्र आले आणि चाहत्यांच्या बहिष्काराने मैदाने ओस पडली. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८९ च्या कायद्यात अशीच योजना आणली होती, टेलर अहवालाने ती मोडीत काढली. ब्राझीलने २०२३ च्या क्रीडा कायद्याने २० हजारांहून मोठ्या मैदानांवर चेहरा ओळखणारी दारे सक्तीची केली आहेत. तिथे तिकीट दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच उरत नाही, तुमचा चेहरा हेच तिकीट. दलाल संपतील, पण नात आजोबांच्या जागी जाण्याची वाटही त्यासोबत बंद होईल.

ब्राझीलमधून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. कोरिंथियन्ससारख्या क्लबांच्या सभासद योजनेत सामन्याला आल्याचे गुण मिळतात आणि जास्त गुणवाल्याला पुढच्या मोठ्या सामन्याचे तिकीट आधी घेता येते. शिक्षेऐवजी बक्षीस. इंग्लंडमध्ये परगावच्या सामन्यांसाठी असे गुण बऱ्याच काळापासून मोजले जातात. न आलेल्याची खुर्ची काढण्यापेक्षा आलेल्याला अंतिम सामन्याच्या रांगेत पुढे उभे करणे चाहत्यांना सहज पटते.

आपल्याकडे यातले काय लागू आहे? इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानासाठी एफसी गोवाने सीझन तिकिटे काढली, अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी खेळली. मँचेस्टर सिटीच्याच मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा विकत घेतला होता. पण एकाच छत्राखाली येऊनही दोघांचे दुखणे उलटे राहिले. तिकडे खुर्चीसाठी रांग, इकडे रांग लागावी म्हणून धडपड. आपल्या लीगचे वेळापत्रक आणि भवितव्य अस्थिर असताना वर्षभराचे पैसे आधी भरा म्हणणेच अवघड, तिथे हजेरीची अट कोण घालणार?

आपला खरा संबंध येतो तो प्रवासी म्हणून. मुंबई-पुण्यात आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेडच्या चाहत्यांचे मोठे गट आहेत, पहाटेपर्यंत जागून सामने पाहणारे. आयुष्यात एकदा युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड किंवा लिव्हरपूलचे अ‍ॅनफिल्ड पाहायचे म्हणून ते पैसे साठवतात. लंडनला कामानिमित्त गेलेला मुलगा आईवडिलांना सामना दाखवू पाहतो. अधिकृत तिकीट मिळत नाही, मग संकेतस्थळावरचे किंवा प्रवासी कंपनीच्या ‘पॅकेज’मधले तिकीट घेतले जाते आणि ते बहुधा कोणाच्या तरी सीझन तिकिटाचे असते. सामन्याच्या सकाळी हॉटेलवर कोणी अनोळखी माणूस प्लॅस्टिकचे कार्ड किंवा एक फोन आणून देतो, सामना संपल्यावर परत न्यायला येतो. दारावर नाव जुळले नाही तर आत प्रवेश नाही आणि दाद मागायला जागा नाही. हजेरीचे नियम कडक होतील तसा हा धोका वाढत जाणार.

सगळे नियम पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. वर्षभराची खुर्ची ही खासगी मालमत्ता नाही. बाहेर रांग असताना ती वर्षानुवर्षे रिकामी ठेवण्याचा हक्क कोणालाही नसावा. आपण बसेना आणि दुसऱ्याला बसू देईना, ही वृत्ती मोडलीच पाहिजे. पण मोजावा तो वापर, माणसाचे पाऊल नव्हे. कुटुंबात आणि मित्रांत तिकीट फुकट फिरू द्यावे, परतीची सोय सामन्याच्या दिवसापर्यंत चालू ठेवावी, टीव्हीसाठी हलवलेला सामना हिशेबात धरू नये, वृद्धांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना रजा द्यावी आणि खुर्ची काढण्याआधी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे आणि चाहत्यांशी सल्लामसलत करणे क्लबांना टाळता येणार नाही. हजेरीची अट घालायची की नाही, आणि घातली तर आकडा किती, हे त्या टेबलावर ठरले पाहिजे. संचालकांच्या खोलीत ठरून ते चाहत्यांच्या फोनवर येऊन पडता कामा नये.

आणि आपल्यापैकी जे कोणी तिकडे सामना पाहायला जाणार असतील त्यांना एक विनंती. आधी क्लबचे साधे सभासदत्व घ्या आणि अधिकृत पुनर्विक्रीच्या पानावर सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा, कारण परत आलेल्या जागा शेवटच्या काही दिवसांत तिथेच येतात. आपल्या शहरातल्या अधिकृत चाहता गटाला क्लबकडून काही तिकिटे मिळतात का तेही विचारा. नाहीच जमले, तर जवळच्या खालच्या श्रेणीतल्या क्लबचा सामना पाहा. तिकीट बहुधा दारावर मिळते आणि खुर्ची कोणाकडून हिसकावून घेतलेली नसते.